गोळी चालू, तरी रात्री आंबट पाणी घशाशी येतंच होतं

सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी चालूच होती. दिवसाची जळजळ बरीच कमी झाली, पण रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं, खोकला सुटायचा आणि झोपेचं खोबरं व्हायचं. डॉक्टरांनी नीट समजावलं: गोळी आम्ल कमी करते, पण अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल असेल तर पोटातलं वर येणं ती थांबवत नाही.

सगळ्यात जास्त फरक पलंगाने पडला. डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू 6 इंच उचलली. उशांची चळत लावू नका. त्याने कंबरेत वाकून पोट दाबलं जातं. पलंग सगळाच उतरता हवा. सुरुवातीला पायाकडे घसरल्यासारखं वाटतं, मग सवय होते. शिवाय डाव्या कुशीवर झोपते, म्हणजे जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं.

जेवण साडेसातला, झोप अकराला. आमच्याकडे नऊच्या आधी पानं घेत नाहीत, म्हणून मी आधी एकटीच भाकरी, दुधीची भाजी, थोडा वरणभात खाऊन घेते आणि नंतर सगळ्यांसोबत नुसती गप्पा मारत बसते. हे फार जड गेलं, खरंच. मिसळ, तळण आणि संध्याकाळनंतरचा चहा बंद.

गोळी मात्र मनाने सोडू नका. गिळताना घास अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर पलंगाचं नंतर बघा. आधी डॉक्टर गाठा.