विमानाने लेहला जाणाऱ्यांसाठी: विरळ हवेत शरीराला सवड कशी द्यावी

लडाखची सहल आता महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांच्या यादीत आली आहे आणि वेळ वाचतो म्हणून बहुतेक जण ती दिल्लीमार्गे विमानाने करतात. शरीराच्या दृष्टीने मात्र लेहला पोहोचण्याचा हा सर्वांत अवघड मार्ग आहे, कारण समुद्रसपाटीवरून निघालेला माणूस काही तासांत सुमारे ३५०० मीटर उंचीवरच्या गावात मुक्कामाला येतो. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे, म्हणजे लेहच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे सह्याद्रीतले गड वर्षानुवर्षे चढलेल्या माणसालाही या उंचीचा काही अनुभव असतो असे समजू नये. उलट, तंदुरुस्त तरुणच पहिल्या दिवशी अंगातल्या जोमावर विसंबून भटकतात आणि रात्री डोके धरून बसतात. व्यायामाने आलेली ताकद आणि विरळ हवा सोसण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उंचावर ऑक्सिजन कमी असतो असे आपण म्हणतो, पण हवेतले त्याचे प्रमाण लेहमध्येही दादरइतकेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश असतो आणि खारदुंग ला खिंडीत साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत जाणारा ऑक्सिजनही त्याच हिशेबाने घटतो. मानेतल्या धमन्यांपाशी असलेल्या कॅरोटिड बॉडी या इवल्याशा इंद्रियाला ही घट लगेच कळते आणि ते श्वास वाढवायला लावते. सोबत नाडीही जलद होते. वाढलेल्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि त्यामुळे श्वास वाढवण्यावर पुन्हा लगाम बसतो. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती बायकार्बोनेट हा रक्तातला अल्कधर्मी घटक लघवीवाटे टाकू लागतात, पण त्याला तास नव्हे, काही दिवस लागतात. पहिल्या दोन दिवसांच्या विश्रांतीवर सगळे जण इतका भर देतात त्याचे मुख्य कारण हेच आहे. नवीन तांबड्या पेशी तयार होऊन रक्ताची क्षमता वाढायला तर आठवडे लागतात, आणि तेवढ्या अवधीत आपली सहल संपलेली असते.

या खटाटोपाच्या काही खुणा घाबरवणाऱ्या वाटल्या तरी नेहमीच्याच असतात. जिना चढताना धाप लागते, वारंवार लघवीला होते, झोप तुटक लागते. रात्री शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास वाढत जातो, मग मंदावतो, काही सेकंद पूर्ण थांबतो आणि एका मोठ्या श्वासाने पुन्हा सुरू होतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याची झोप उडते, पण एरवी निरोगी असलेल्या माणसात या उंचीवर असे होणे स्वाभाविक आहे.

पोहोचल्याच्या दिवशी सामान दुसऱ्याला उचलू द्यावे, खोलीवर जावे आणि काहीही पाहायला बाहेर पडू नये. शांती स्तूपाच्या पायऱ्या तिसऱ्या दिवशीही तिथेच असणार आहेत. दिवसभर गाढ झोपून राहण्यापेक्षा बसावे, खोलीत थोडे फिरावे, हलके जेवावे. भूक मंदावते, म्हणून पिठले-भात किंवा थुकपासारखे (लडाखी नूडल्सचे सूप) पोटाला सोपे अन्न थोडे थोडे घ्यावे. हवा कोरडी असल्याने श्वासावाटे बरेच पाणी जाते, तेव्हा लघवी फिकट राहील इतके पाणी प्यावे. मात्र पाण्याने उंचीचा त्रास टळतो असे समजून पाच-सहा लिटर रिचवणे अनाठायी आहे आणि त्याने रक्तातले सोडियम घसरून वेगळेच दुखणे उभे राहू शकते. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिले दोन दिवस पूर्ण वर्ज्य, कारण दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.

त्रास सहसा उतरल्या उतरल्या होत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे संध्याकाळी किंवा पहिल्या रात्री सुरू होतो. दुपारी ठणठणीत वाटल्यावर बाजारात जाणाऱ्यांची फसगत इथेच होते. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, गळून जाणे किंवा चक्कर यांपैकी काहीही असेल तर तो उंचीचाच त्रास समजावा, विमानातल्या सँडविचला किंवा ‘पित्ता’ला दोष देत बसू नये. आपल्याकडे हे पित्त फार लोकप्रिय आहे आणि त्यापायी बराच वेळ वाया जातो. डोकेदुखीवर पॅरासिटामॉल घेता येते. नियम एकच आहे: लक्षणे असेपर्यंत अधिक उंचावर मुक्कामाला जायचे नाही, आणि विश्रांती घेऊनही ती वाढत गेली तर खाली उतरायचे.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर लोक आवर्जून नेतात आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९४ टक्क्यांच्या खाली दिसला की हबकतात. तो उंबरठा समुद्रसपाटीसाठी होता. लेहमध्ये पहिल्या दिवशी बऱ्याच निरोगी माणसांचा आकडा ८५ ते ९०च्या आसपास असतो. गार बोटांवर किंवा नेलपॉलिश लावलेल्या नखावर तो चुकीचा येतो, म्हणून हात चोळून ऊबदार करावेत, पाच मिनिटे शांत बसावे आणि आकडा स्थिर झाल्यावरच वाचावा. सोबतच्या इतरांपेक्षा एखाद्याचा आकडा बराच कमी असेल आणि त्याला बसल्या जागी धाप लागत असेल, तर मात्र डॉक्टर गाठावा. आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करणे हीदेखील चूकच.

डायमॉक्स या नावाने ओळखली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांच्या बायकार्बोनेट टाकण्याच्या कामाला वेग देते, म्हणून ती उपयोगी पडते. प्रौढांसाठी प्रतिबंधाचा प्रचलित डोस १२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५०च्या गोळीची अर्धी, दिवसातून दोनदा असा असतो आणि तो प्रवासाच्या आदल्या दिवशी सुरू करून पोहोचल्यावर साधारण दोन दिवस चालू ठेवतात. तरी घरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये; विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी. बोटांना मुंग्या येणे आणि सोड्याची पेये बेचव लागणे हे तिचे निरुपद्रवी परिणाम आहेत. कापराच्या पुरचुंडीबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. अनेक मराठी सहलींत ती प्रत्येकाच्या खिशात असते. तिच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. शिवाय कापूर पोटात गेला तर विषारी असतो, तेव्हा लहान मुलांच्या हाती तो देऊ नये. बाजारात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. तेवढ्यापुरते बरे वाटते, आणि तेवढेच.

कार्यक्रम आखताना दिवसा किती उंच गेलो यापेक्षा रात्री कुठे झोपणार याचा हिशेब मांडावा. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज सुमारे ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा सर्वमान्य संकेत आहे. लेहमध्ये निदान दोन पूर्ण दिवस थांबल्यावर आल्ची-लिकीर या गावांकडे फेरी करावी आणि मग खारदुंग लापलीकडचे नुब्रा खोरे. खारदुंग ला ५३५९ मीटरवर असला, तरी हुंदर-डिस्कितचा मुक्काम लेहपेक्षाही खाली, ३१०० मीटरच्या आसपास असतो, म्हणून हा टप्पा वाटतो तितका जड नाही; खिंडीत पाटीसमोर फोटो काढून पंधरा-वीस मिनिटांत निघावे म्हणजे झाले. (पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले असे; प्रत्यक्षातली उंची त्याहून आठशे फुटांनी कमी आहे.) पँगाँग सरोवराकाठी, सुमारे ४२५० मीटरवर झोपणे ही या सहलीतली खरी कसोटी आहे, म्हणून तो मुक्काम शेवटाकडे ठेवावा. हान्ले गाव आणि त्सो मोरिरी सरोवर त्याच्याही नंतर. दुसऱ्याच दिवशी पँगाँगला नेणारा स्वस्त कार्यक्रम कोणी दाखवला, तर नाकारावा. भारतीय लष्कर ३६०० मीटरपर्यंतच्या पहिल्या टप्प्यावर जवानांना सहा दिवस थांबवते; १९६२च्या युद्धात घाईघाईने वर पाठवलेल्या सैनिकांच्या आजारपणातून घेतलेला हा धडा आहे.

रस्त्याने जायचे असेल तर श्रीनगर, कारगिल, लेह हा मार्ग शरीराला सोयीचा, कारण कारगिलचा मुक्काम २७०० मीटरच्या आसपास पडतो. मनालीकडून जाताना सरचूला, म्हणजे ४२९० मीटरवर, तंबूत रात्र काढणे ही अनेकांच्या सहलीतली सर्वांत वाईट रात्र ठरते. ते टाळून जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री राहावे आणि पुढचा टप्पा पहाटे निघून सलग करावा.

हृदयविकार, फुप्फुसांतला वाढलेला रक्तदाब, दमा, तीव्र रक्तक्षय किंवा गर्भारपण असेल तर जाण्याचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रुग्णांनी इतक्या उंचीवर जाऊच नये, आणि केवळ वाहक असलेल्यांनाही विरळ हवेत प्लीहेला इजा होऊन डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना होऊ शकतात. तपासणी झालेली नसेल तर निघण्याआधी करून घ्यावी.

दोन अवस्था जिवावर बेतू शकतात. फुप्फुसांत पाणी साचू लागले की बसूनही धाप लागते, कोरडा खोकला येतो, ओठ निळसर पडतात आणि पुढे गुलाबी फेसाळ कफ येतो. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री घडते. मेंदूला सूज आली की माणूस असंबद्ध बोलतो, पेंगुळतो आणि दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. शंका आली तर त्याला जमिनीवरच्या सरळ रेघेवर टाचेला पंजा लावत चालायला सांगावे. तोल जात असेल तर सकाळची वाट पाहू नये. अशा माणसाला एकटे झोपवू नये, एकट्याने कुठे पाठवू नये.

उपाय खाली उतरणे हाच, पण लडाखमध्ये उतरण्याची वाट आधी चढते. पँगाँगहून नेहमीच्या रस्त्याने लेहला येताना ५३६० मीटरचा चांग ला आणि नुब्राहून येताना खारदुंग ला ओलांडावाच लागतो. म्हणून गाडी ठरवतानाच तिच्यात मोठा ऑक्सिजन सिलिंडर, मास्क आणि चालू रेग्युलेटर आहे का, हे स्वतः उघडून पाहावे आणि रुग्णाला ऑक्सिजन लावूनच खिंड पार करावी. नुब्रात असाल तर आधी डिस्कितचे सरकारी रुग्णालय जवळ पडते; लेहमधल्या सोनम नोरबू स्मारक रुग्णालयाला असे रुग्ण नवे नाहीत. तिथे ऑक्सिजनवर सुधारणा झाली, तरी उरलेली सहल सोडून विमानाने खाली यावे.