क्युबेकमधला शेतकरी पूर्वज शोधायला बसताय? मग हे आधी करा

घरातली माहिती, म्हणजे आजी-आजोबांची नावं, लग्नाचं साल, गाव, हे गोळा केलंच असेल. नसेल तर आधी म्हाताऱ्या माणसांना फोन लावा.

आता वहीत सगळ्यात वर मोठ्या अक्षरात घराण्याचं दि-नाव लिहा. तिकडे एकाच घराण्याला दोन आडनावं असायची, मधे 'दि' (dit, म्हणजे 'म्हणतात ते') लावून दुसरं, कुणाचं सैन्यातलं टोपणनाव तर कुणाचं गावावरून पडलेलं, आणि पुढे एक भाऊ हे लावतो, दुसरा ते. रिव्हिएर-उएल गावच्या पिएर उदों दि बोल्यूचे वंशज काही उदों, काही बोल्यू. श्रीवर्धनचे भट पुढे पेशवे झाले तसं, फक्त इथे दोन्ही नावं पिढ्यानपिढ्या घोळत राहतात. मागच्या वेळी मी सासरचं एकच आडनाव टाकत बसले आणि भलत्याच घराण्याच्या वंशावळीत जाऊन पोचले. म्हणून सांगते, दोन्ही नावं. प्रत्येक सर्चला, दरवेळी.

मग चर्चच्या नोंदवह्या. 1621 पासूनच्या नोंदी आहेत आणि फॅमिलीसर्च या साइटवर फुकट बघता येतात. लग्नाची नोंद पकडून वर चढा, कारण तिच्यात नवरा-नवरी दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरच्या आडनावासकट (बायका कागदोपत्री शेवटपर्यंत माहेरच्याच आडनावाने असायच्या, फार सोय होते). दुसरेपणाचं लग्न असेल तर मात्र बहुतेकदा फक्त वारलेल्या जोडीदाराचं नाव, तेव्हा पहिलं लग्न शोधणं आलं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ढिगाने जोसेफ आणि मारी भेटतील, घाबरू नका, हाकेचं नाव सहसा शेवटी असतं. तारखेत 7 पुढे बारीक 'ब्र' (bre) दिसलं तर तो सप्टेंबर (फ्रेंचमध्ये सात म्हणजे 'सेत'), जुलै नाही! 8 म्हणजे ऑक्टोबर. आणि परत तेच, नोंद सापडत नसेल तर पान बदलायच्या आधी आडनाव बदलून बघा.

शेतकऱ्याचा खरा माल नोटरीकडे. सही न येणारा माणूससुद्धा लग्नाच्या करारापासून जमिनीच्या व्यवहारापर्यंत सगळ्याला नोटरीकडे जायचा. म्हातारे आईबाप शेत एका मुलाच्या नावावर करायचे आणि बदल्यात काय हवं ते कागदावर घालून घ्यायचे, वर्षाला इतका गहू, एक पोसलेलं डुक्कर, दारात आणून टाकलेलं जळण, मेल्यावर इतक्या प्रार्थना. पोटच्या पोरावर किती भरवसा होता ते कळतं! हे कागद क्युबेकच्या सरकारी अभिलेखागाराच्या साइटवर बरेच आहेत, पण नोटरीवार लावलेले, म्हणून आधी त्या भागातला नोटरी कोण ते काढा. जमिनीच्या कागदात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं असतात, तीही उतरवून घ्या. शेतं म्हणजे नदीपासून आत जाणारे लांब अरुंद पट्टे, शेजारी पिढ्यानपिढ्या तेच आणि सोयरिकीही त्यांच्यातच. हो, शेजाऱ्यांनाही दि-नाव असतं.

जमीनदारी 1854 ला गेली, त्याआधीच्या कागदात जमीनदाराचं नाव येईल. 1871 च्या जनगणनेत जमीन, पीक, गुरं यांचे वेगळे तक्ते आहेत, बघा. टांगे (Tanguay) या लेखकाचा तिकडच्या घराण्यांच्या वंशावळींचा सात खंडी कोश हाताशी ठेवा पण त्यात चुका आहेत, मूळ नोंद बघितल्याशिवाय काही उतरवू नका.

कुणी अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत गेलं असेल तर आडनावाचं इंग्रजी भाषांतर होऊन बुआव्हेरचा ग्रीनवुड, रुआचा (Roy) किंग झालेला असू शकतो. ते कागद वेगळे, त्यांना वेगळा दिवस द्या.