हनीकॉम्ब कोड: आधी वहीवर, मग लॅपटॉपवर

डायनॅमिक कोड, म्हणजे मोजमापांच्या क्रमाने बदलत राहणारे क्वांटम एरर दुरुस्तीचे कोड, शिकायचेत तर थेट रिसर्च पेपर उघडून बसू नका, आधी वही आणि तीन रंगीत पेन्सिली घ्या. फोंड्यात पावसात लाईट गेली की मी हेच करायचो आणि मला खरं कळलं ते तेव्हाच.

त्यातल्या हनीकॉम्ब कोडसाठी 9 षटकोन काढा, 3-3 च्या तीन ओळी, खालची प्रत्येक ओळ अर्धा षटकोन उजवीकडे सरकलेली, आणि कागदाच्या समोरासमोरच्या बाजू एकमेकींना चिकटल्यात असं समजायचं. शेजारी-शेजारी सारखा रंग येऊ न देता लाल, हिरवा, निळा भरा. प्रत्येक कोपऱ्यावर एक क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरचा बिट), म्हणजे एकूण 18. दोन लाल षटकोनांना जोडणारी कड लाल, बाकीच्या पण तशाच. आता लाल कडांवर एक्सएक्स (कडेच्या दोन टोकांच्या क्युबिटांचं मिळून एक्स मोजमाप, उत्तर +1 किंवा -1) मोजायचं, हिरव्यांवर वायवाय, निळ्यांवर झेडझेड, एका फेरीत एकच रंग, तीन झाले की परत पहिल्यापासून. चवथीला बायका फुगडी घालताना जोडीदार बदलतात ना, तसा प्रत्येक क्युबिट दर फेरीला वेगळ्या शेजाऱ्याचा हात धरतो. सरफेस कोडला (चौकोनी जाळीवरचा नेहमीचा एरर दुरुस्तीचा कोड) चार शेजारी लागतात, इथे तीन पुरतात.

आता जपून. सुट्या कडेचं उत्तर रँडम असतं, ते मागच्याशी ताडून काहीच कळत नाही, मी त्यात दोन आठवडे घालवले. हिरवी आणि लगेच पुढची निळी फेरी घ्या, लाल षटकोनाभोवतीच्या सहा कडांच्या उत्तरांचा गुणाकार करा, ती त्या षटकोनाची किंमत. तीन फेऱ्यांनी ती परत मिळते, बदलली तर मध्ये एरर आली.

मॅथ्यू हेस्टिंग्स आणि जोंगवान हा (Haah) या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलेली गोष्ट मला अजून थक्क करते: हीच मोजमापं क्रम न लावता साधा सबसिस्टिम कोड (मोजमापांवरून बांधलेला, न बदलणारा कोड) म्हणून धरली तर एकही लॉजिकल क्युबिट (सगळ्या क्युबिटांत मिळून जपलेला, माहिती ठेवणारा क्युबिट) मिळत नाही, पण या क्रमाने फिरवली की दोन मिळतात! फक्त लॉजिकल ऑपरेटर (ती माहिती वाचायचं मोजमाप) सारखा बदलत राहतो, त्यात कुठल्या कडांची उत्तरं गुणली ते दर फेरीला लिहून ठेवा.

मग लॅपटॉपवर स्टिम, म्हणजे असे कोड चालवून बघायचा सिम्युलेटर. सरफेस कोड त्यात तयार मिळतो, हा एमपीपीने (अनेक क्युबिट एकत्र मोजायची स्टिममधली सूचना) स्वतः लिहायचा. आधी नॉइज (एरर यायची शक्यता) शून्य ठेवा, एकही डिटेक्टर (षटकोनाची किंमत बदलली का ते सांगणारी तपासणी) पेटता कामा नये. मग लाल फेरी संपल्यावर, हिरवी सुरू व्हायच्या आधी, एकाच क्युबिटवर एक्स एरर टाका, त्याला लागून असलेले हिरवा आणि निळा षटकोन बदलायला हवेत, लाल नाही. एवढं जमलं की 0.1 टक्का नॉइज आणि पायमॅचिंग (पेटलेल्या डिटेक्टरांवरून एरर ओळखणारा प्रोग्रॅम). समोरासमोरच्या बाजू न चिकटवलेला, मोकळ्या कडांचा कागद मात्र नंतर घ्या, तिथे हाच तीन फेऱ्यांचा क्रम तसाच चालवला तर लॉजिकल माहितीच मोजली जाते आणि नाहीशी होते.