न्हावा शेवाहून पहिला कंटेनर पाठवताना

उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, ते मुख्यतः मुंबई बंदरावरील ताण हलका करण्यासाठी. आज ते देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे आणि नाशिकच्या द्राक्षांपासून उत्तर भारतातील कारखान्यांच्या मालापर्यंत नानाविध वस्तू येथून परदेशी जातात. येथून प्रथमच निर्यात करणाऱ्या लहान उद्योजकाने आपले वेळापत्रक जहाज सुटण्याच्या तारखेवरून आखू नये. टर्मिनलच्या, म्हणजे बंदरात कंटेनर जहाजावर चढवण्याच्या धक्क्याच्या, दारातून भरलेला कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, म्हणजे गेट कट-ऑफ, आधी विचारून घ्यावी आणि तेथून उलटे मोजत यावे.

कागदांची सुरुवात परकीय व्यापार महासंचालनालयाच्या आयात-निर्यात संकेतांकाने, म्हणजेच आयईसीने होते. परदेशी पैसे स्वीकारणाऱ्या आपल्या बँक शाखेचा क्रमांक, म्हणजे एडी कोड, सीमाशुल्क खात्याच्या आइसगेट संकेतस्थळावर नोंदवावा, आणि जीएसटी न भरता निर्यात करायची असेल तर एलयूटी हे हमीपत्र सादर करावे. शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्क खात्याला द्यायचा निर्यातीचा अर्ज, स्वतः भरता येते, परंतु पहिल्या खेपेला अनुभवी कस्टम ब्रोकर, म्हणजे सीमाशुल्काची कामे करणारा परवानाधारक दलाल, नेमणे शहाणपणाचे, कारण मालाचा वर्गीकरण क्रमांक, म्हणजे एचएस कोड, चुकला की त्याची दुरुस्ती मालापेक्षा जास्त वेळ खाते. ताजी फळे, भाजीपाला यांसारखा माल असल्यास वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रासाठी लागणारा अवधीही या उलट्या मोजणीत धरावा.

माल कंटेनरभर नसेल तर तो एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत, कंटेनर फ्रेट स्टेशनमधून, म्हणजे बंदराजवळच्या माल भरण्याच्या गोदामातून, पाठवावा. पूर्ण कंटेनर घेतल्यास तो शिपिंग लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, रिकाम्या कंटेनरांच्या एम्प्टी यार्डातून उचलतानाच नीट तपासावा. आत उभे राहून दोन्ही दारे बाहेरून लावायला सांगावीत. छतातून किंवा कोपऱ्यातून उजेडाचा एक ठिपका जरी दिसला, तरी तेथून समुद्राचे पाणी आत येणार हे नक्की समजावे. लाकडी तळ ओला वा तेलकट नसावा आणि आधीच्या मालाचा वास रेंगाळत नसावा. मसाला किंवा चहा पाठवणाऱ्याने तर वासाच्या बाबतीत जराही तडजोड न करता कंटेनर बदलून मागावा, मग यार्डातील माणूस कितीही कुरकुरला तरी चालेल. भरताना वजन एकाच टोकाला साठू देऊ नये आणि दाराजवळचे खोके घट्ट बांधावेत.

१ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही आणि ही जबाबदारी निर्यातदाराचीच असते. भरलेला कंटेनर वजनकाट्यावर नेता येतो, किंवा माल, पॅकिंग व रिकाम्या कंटेनरचे दारावर लिहिलेले वजन यांची बेरीज करता येते.

न्हावा शेवा हे एकच दार नव्हे. येथे न्हावा शेवा फ्रीपोर्ट टर्मिनल, एनएसआयसीटी, एपीएम टर्मिनल्स, बीएमसीटी अशी निरनिराळी टर्मिनले आहेत, त्यामुळे आपले जहाज कोठे लागणार हे ट्रेलर निघण्यापूर्वी पुन्हा विचारावे आणि चालकाकडे टर्मिनलमध्ये शिरण्याचा परवाना, म्हणजे फॉर्म १३, त्याच टर्मिनलचा असल्याची खात्री करावी. सीमाशुल्क अधिकाऱ्याने लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे निर्यातीची अंतिम परवानगी, दिल्यावरच माल जहाजावर चढवता येतो. कट-ऑफ हुकला तर कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो आणि दरम्यानचे भाडे व दंड आपल्या माथी येतो. म्हणून पावसाळ्यात आणि सणासुदीच्या गर्दीत निदान एक दिवस हाताशी राखावा.

जहाज निघण्याच्या सुमारास बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे शिपिंग लाइनने माल मिळाल्याची दिलेली पावती व मालाच्या हक्काचा कागद याचा, मसुदा येतो. खरेदीदाराचे नाव, कंटेनर क्रमांक, सील क्रमांक आणि वजन हे सारे इन्व्हॉइसशी अक्षरशः ताडून पाहावे, कारण पतपत्रावर, म्हणजे कागद बिनचूक असल्यास पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, व्यवहार असेल तर स्पेलिंगमधील एका अक्षराच्या फरकावरूनही बँक पैसे अडवू शकते. दुबईसारख्या जवळच्या ठिकाणी माल कागदांच्या आधी पोहोचतो. अशा वेळी पूर्ण पैसे हाती आले असतील तर शिपिंग लाइनकडे मूळ प्रती जमा करून बिल सरेंडर करावे, म्हणजे खरेदीदाराला मूळ प्रतींशिवाय माल सोडवता येतो, नसतील तर त्या प्रती बँकेमार्फतच पाठवाव्यात.