ओएसच्या लॅबमध्ये रेस कंडिशन खरंच घडवून कशी दाखवायची

ओएसचं (ऑपरेटिंग सिस्टिम या विषयाचं) प्रॅक्टिकल म्हणजे बँकर्स अल्गोरिदम (डेडलॉक टाळून रिसोर्स वाटण्याची पद्धत) सी मध्ये लिहायचा आणि आउटपुटची प्रिंट जर्नलला चिकटवायची, हे मला अजिबात पटत नाही. त्यात फक्त ॲरेची बेरीज-वजाबाकी असते. सिंक्रोनायझेशन, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडचा ताळमेळ, शिकवायचं असेल तर आधी चूक पोरांच्या डोळ्यांसमोर घडू द्या: दोन थ्रेड एकाच वेळी एकच व्हेरिएबल बदलतात आणि उत्तर बिघडतं, हीच रेस कंडिशन. एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक नंतर.

प्रोग्राम साधाच. एक ग्लोबल काउंटर, दोन पीथ्रेड (सी मधले थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामं), दोघंही लूपमध्ये काउंटर एक-एकने वाढवणार, शेवटी जॉइन करून प्रिंट.

आता खरी अडचण. उत्तर चुकेल असं सगळे सांगतात, पण लॅबमध्ये ते बरोबरच येत राहतं. पहिल्या वर्षी माझ्या बॅचसमोर दहा वेळा रन केलं, दहाही वेळा २०००, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग लॉक कशाला लावायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर घरी बसून कारणं शोधली.

एक तर लूप १००० चा होता, म्हणजे दुसरा थ्रेड तयार होईपर्यंत पहिल्याचं काम संपलेलं. १ कोटी ठेवा. दुसरं, व्हर्च्युअल मशीनला एकच सीपीयू दिलेला होता. एका कोअरवरही रेस होते, पण थ्रेड नेमका मधल्या पायरीवर थांबवला गेला तरच, म्हणून आधी एनप्रॉक कमांड (किती कोअर मिळाले ते सांगते) मारून बघा आणि सेटिंगमधून किमान २ कोअर द्या. तिसरं सगळ्यात फसवं: मेकफाइलमध्ये (कंपाइल कसं करायचं ते लिहिलेली फाइल) मायनस ओ टू, म्हणजे कोड वेगवान करायचा (ऑप्टिमायझेशनचा) पर्याय होता. कंपायलर अख्खा लूप काढून टाकतो आणि तिथे १ कोटीची एकच बेरीज ठेवतो, मग टक्कर होणार कधी! लॅबपुरतं ऑप्टिमायझेशन बंदच ठेवा. काउंटरला व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाच-लिही असं कंपायलरला सांगणारा सी मधला शब्द) लावा असा सल्ला सर्रास मिळतो, तो देऊ नका, कारण पोरं व्होलाटाइललाच लॉक समजून बसतात आणि ती समजूत पुढे काढता काढता नाकी नऊ येतात.

मग ऑब्जडंप (तयार प्रोग्राममधल्या मशीन इन्स्ट्रक्शन दाखवणारी कमांड) उघडून दाखवा की काउंटर प्लस प्लस ही एक ओळ खाली तीन इन्स्ट्रक्शन आहे: मेमरीतून रजिस्टरमध्ये आणा, एक मिळवा, परत ठेवा. हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रत्येकाला दहा वेळा रन करून आकडे फळ्यावर लिहायला लावा. मग विचारा, कमीत कमी किती येऊ शकेल? जवळजवळ सगळे १ कोटी म्हणतात. खरं उत्तर २ आहे. ३ फेऱ्यांचा लूप घेऊन कागदावर काढू द्या: पहिला थ्रेड शून्य वाचून थांबतो, दुसरा शेवटची सोडून सगळ्या फेऱ्या उरकतो, पहिला १ लिहितो, दुसरा तो १ वाचून थांबतो, पहिला आपलं सगळं संपवतो, आणि शेवटी दुसरा २ लिहितो. वेळ लागतो, लागू द्या, सांगून टाकू नका.

मग म्युटेक्स, म्हणजे पीथ्रेडचं लॉक. लूपच्या आत लावून टाइम कमांडने वेळ मोजा, मग लूपच्या बाहेर लावून मोजा. बाहेर लावल्यावर वेळ खूप कमी लागतो पण थ्रेड एकामागून एक चालतात, हे पोरांकडूनच वदवून घ्या.

व्हायव्हाला मी एवढंच विचारतो: लॉक काढून मायनस ओ टू लावलं तर उत्तर २ कोटी येतं, मग प्रोग्राम बरोबर आहे का? जो "नाही" म्हणून कारण सांगतो त्याला पूर्ण मार्क.