व्हॅनचा कॅम्पर करून घेताय? इसार देण्याआधी या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती एकच चूक: आधी गाडी घ्यायची आणि ‘पासिंगचं (आरटीओच्या मंजुरीचं) नंतर बघू’ म्हणायचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या अशा गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. तपासणी पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या मान्यताप्राप्त संस्था करतात. त्यामुळे वर्कशॉपमध्ये गेल्यावर पलंगाचे फोटो बघण्याआधी विचारा, ‘याच मॉडेलची, याच व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी पास करून घेतलीत का? तिची आरसी दाखवा.’ ‘आपला एजंट आहे, होऊन जाईल’ एवढंच उत्तर आलं तर तिथून निघा. फर्निचर पुन्हा करता येतं. आरसी अडकली की गाडी दारात उभी राहते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ती कोणी आपणहून सांगत नाही. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकामं वजन वजा करा. उरेल त्यातच माणसं, सामान, फर्निचर सगळं बसवायचं आहे. १९ मिमी प्लायची ८ बाय ४ ची एक शीट पस्तीस-चाळीस किलो भरते, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. काम अर्धं झाल्यावर गाडी एकदा वजनकाट्यावर न्याच.

गाडी निवडताना लांबीचा मोह आवरा. फोर्स ट्रॅव्हलर वेगवेगळ्या व्हीलबेसमध्ये येते. दोघांनाच फिरायचं असेल तर कोकणातल्या गल्ल्यांत सगळ्यात लांब गाडी त्रासच देईल. टाटा विंगरची पुढची चाकं गाडी ओढतात, म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी अगदी मागे टाकू नका, चिखलाच्या चढावर पकड सुटते.

‘रात्रभर एसी चालेल’ या आश्वासनाचा हिशोब स्वतः करा. १२ व्होल्टची २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. एक टनाचा एसी एप्रिलच्या विदर्भात तासाला साधारण एक युनिट खातो. दोन-अडीच तासांत खेळ संपला.

बॅटरी भरलेली दिसते, तरी मिक्सर लावताच इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडतो? बहुतेक वेळा केबल बारीक असते किंवा लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) सैल असतो. १२ व्होल्टवर १००० वॉटचा लोड ८० अँपिअरहून जास्त करंट ओढतो. केबल जाड हवी, आणि फ्यूज बॅटरीला लागूनच हवा.

टपाला पंख्यासाठी भोक पाडलं की कापलेल्या कडेला आधी प्रायमर, मग सीलंट. आतलं पॅनेलिंग लागण्याआधी टपावर अर्धा तास पाण्याचा पाइप सोडायला लावा. नंतर गळती शोधायची तर सगळं उचकटावं लागतं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचा हप्ता बदललेली आरसी हातात आल्यावरच. हे कोटेशनवर लिहून घ्या.