मिक्स चिल्लर मोजताना आधी मोठं नाणं
पोरांना चिल्लर मोजायला देताना आधी एकेका नाण्याचे वेगळे ढीग करायला लावा आणि मोजायला सुरुवात कायम मोठ्यापासून, म्हणजे 10 ची दहा-वीस-तीस, मग तिथूनच पुढं 5 ची पस्तीस-चाळीस, शेवटी 2 आणि 1 ची. ढीग बदलताना थांबून आकडा मोठ्यानं म्हणायला सांगा, सगळी गडबड तिथंच होते. नुसत्या आकारावर ओळखू देऊ नका, 1 आणि 2 ची जुनी-नवी नाणी पटकन सारखीच वाटतात, आकडा वाचायचीच सवय लावा. 20 चं बारा कोपऱ्यांचं, ते लगेच कळतं. आमच्या पोरीनं सोलापुरात गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, पाळण्यात बसायला साठवलेला गल्ला असाच मोजला, म्हणून सांगते, प्लास्टिकची नाणी नको, खरीच द्या.